माजी ग्रह प्लूटो

खोडद
९ मे २००६

सौ. अंजना,

तू शिनोलीला जाऊन आज आठवडा झाला. इकडे सगळं व्यवस्थित आहे. आई बरी आहे, म्हैस बरी आहे, मी बरा आहे. व्होल्टेज नसल्यामुळे लोकांच्या पाण्याच्या मोटारी धडाधड जळतायत, त्यामुळे रिवायंडिंगचं दुकानही जोरात आहे. तू काळजी करू नये. करतच नसशील तर थोडी करावी.

तू कशामुळे गेलीस ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तेव्हा कारण मला ठाऊक नाही असं धरून चालू. उन्हाळ्यात बाई माणूस माहेरी जातं, त्यात काही नाही. पण वीस वर्षांत तू चार दिवसांवर कधी राहिली नाहीस, म्हणून आपलं विचारलं. तुझ्या वडिलांच्या मोबाईलवर फोन केला की मामा म्हणतात, "पोरगी रानात गेलीय, पावणं." भर बाराच्या उन्हात कोण रानात जातं?

एकच अडचण आहे. जाताना तुझ्या पिशवीत निळी वही गेली. चुकून गेली असेल. तिच्यात पुढची कोडी आहेत. 'मीनाकाठ' पेपरच्या पप्पूशेठला दर रविवारी सूर्यमालेचं कोडं लागतं. मार्चपासून दहा छापून झाली, छापखान्यात आता दोनच शिल्लक आहेत. वही येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दे.

पप्पूशेठला नियम परत छापायचेत. मी लिहून काढलेत, एकदा नजर टाक. सुडोकूसारखी नऊ गुणिले नऊ घरं. आकड्यांच्या जागी नऊ ग्रह, बुधापासून प्लूटोपर्यंत. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि लहान चौकटीत प्रत्येक ग्रह एकदाच. सगळे ग्रह बसले की यान सोडायचं. म्हणजे पेन्सिलीनं एकच सलग रेघ काढायची, ती पृथ्वीच्या नऊही घरांतून फिरून निघाल्या जागी परत आली पाहिजे. रेघ स्वतःला कापणार नाही आणि शनीच्या घरात शिरणार नाही. कुठल्या ओळीत यान किती घरांतून जातं तो आकडा बाजूला दिलेला असतो.

बरोबर आहे ना? म्हणजे मला माहीतच आहे, पण दोघांनी बघितलेलं बरं.

तुझा
सोपान

ता. क. सत्काराची शाल खुंटीला आहे. आईनं तिच्यावर वाळवण घातलं होतं, मी काढून ठेवली.


खोडद
३१ मे २००६

सौ. अंजना यांस,

वही आली नाही. हरकत नाही. मी स्वतः कोडं केलं. त्यात काय, चौकोनच आखायचे. रविवारी छापून आलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडायला गेलो तर दारात सहा माणसं. मला वाटलं सहा मोटारी जळाल्या. सहाही जणांच्या हातात पेपर. आर्वीच्या शाळेचे एक मास्तर म्हणाले, "सोपानराव, चौथ्या ओळीत गुरू दोनदा आलाय." मी म्हणालो, गुरू मोठा ग्रह आहे, एका घरात मावत नाही. मास्तर हसले नाहीत.

दुसरा माणूस एसटीतला ड्रायव्हर. तो म्हणाला, "गुरूचं जाऊ द्या, आमचं यान नेपच्यूनपाशी अडकलंय. तिन्ही बाजूंनी शनी. मागं घ्यावं तर रेघेवरून रेघ जाती. काय करायचं सांगा." मी बघितलं. खरंच अडकलं होतं. मी त्याला म्हणालो, जरा उतरून धक्का द्या. हे बोलायला नको होतं. त्यानं त्या दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर उभी करून सगळ्या प्रवाशांना ते सांगितलं.

आणि आपल्या गल्लीतले सोमाजीबाबा. त्यांना वाचता येत नाही, नातीनं वाचून दाखवलं असेल. ते काठी टेकत आले आणि हळूच विचारलं, "सोपाना, त्या इमानात कोण माणूस तर नव्हतं ना?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग बरंय. आमी रातभर जीवाला लावून घेतलं."

त्यात कुणीतरी ज्योतिषी आहेत ओतूरचे, त्यांनी पोस्टकार्ड टाकलंय की या कोड्यात सूर्य, चंद्र, राहू, केतू कुठे आहेत? आणि पृथ्वीला ग्रहात कुणी घेतलं?

पप्पूशेठ गाडीवरून येऊन गेले. म्हणाले, "अण्णा, एवढं यान परत येऊ द्या, मग काय वाटेल ते करा. लोक अंक परत करतायत."

सोबत मी केलेलं दुसरं कोडं पाठवत आहे. तुला वेळ जात नसेल म्हणून पाठवतोय. जमलं तर तपास. नाही तपासलंस तरी चालेल, पण शुक्रवारच्या आत.

सोपान


खोडद
२२ जून २००६

प्रिय अंजना,

तुझं पत्र मिळालं. फार आनंद झाला.

आई म्हणते ते पत्र नाही, ते माझंच कोडं परत आलंय आणि त्यावर लाल पेनानं सतरा फुल्या आहेत. पण मी फुल्या नीट बघितल्या. पहिल्या दहा जोर देऊन मारल्यात, कागद फाटलाय. पुढच्या जरा हलक्या आहेत. शेवटची तर अगदी बारीक आहे. म्हणून म्हटलं पत्रच.

तीन रविवार झाले, कोड्याच्या जागी पप्पूशेठ पाककृती छापतायत. पहिल्या आठवड्यात मेथीचे मुटके आले, तर आर्वीच्या मास्तरांनी संपादकांना लिहिलं की मुटक्यांचा यानमार्ग कळला नाही.

आता आईचं सांगतो. सांगणार नव्हतो. ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे जेवायला वाढते, पण म्हशीकडे बघून बोलते. "बाई, त्याला म्हणावं भाकरी टोपलीत हाय." परवा मी विचारलं, आई, माझं काय चुकलं? तर म्हशीला म्हणाली, "बघ गं, अजून याला म्हाईतच न्हाई."

हर्षालीनं पुण्याहून फोन केला. मला वाटलं पोरगी बापाची बाजू घेईल. "पप्पा, तुम्ही भाषणात काय म्हणालात ते आठवा," एवढं म्हणून तिनं ठेवून दिला. नर्सिंगला घातली तेव्हा माणसाशी गोडीनं बोलायला शिकेल असं वाटलं होतं.

भाषणात मी बरंच काही म्हणालो होतो. सगळं कसं आठवणार?

पाऊस झाला असेल तिकडे. भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उभी राहू नकोस, तुझे पाय दुखतात.

तुझा
सोपान


खोडद
१८ जुलै २००६

अंजना,

या पत्रात हवापाणी लिहीत नाही.

काल पिठाच्या गिरणीवर गेलो होतो. आई जात नाही म्हणते, गुडघे दुखतात. तिथे ठमाबाई होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय भाऊ, अंजना कधी यायचीय? आमच्या पोराचं कोडं अडून राह्यलंय." मी म्हणालो, कोडं मी करतो ना. त्यावर गिरणीतल्या सगळ्या बायका हसल्या. गिरणीवाला पण हसला, आणि त्याला पट्ट्याच्या आवाजात ऐकू येत नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

अंजना, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मार्चपासून ठाऊक होतं. आईनं पहिल्याच अंकाच्या दिवशी शेजारी सांगितलं, शेजारणीनं डेअरीवर सांगितलं. एक मेला झेंडावंदनाच्या कार्यक्रमात शाळेच्या पटांगणावर माझा सत्कार झाला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. एक मीच असा होतो की ज्याला वाटत होतं कुणाला ठाऊक नाही.

म्हणून आता लिहितो काय झालं ते. तुला माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला, विज्ञान दिनाला, आपल्या इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघायला गर्दी झाली होती. मोटार घ्यायला आलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून तू ते पहिलं कोडं पुठ्ठ्यावर काढून दुकानात टांगलंस. मी हसलो होतो. म्हणालो होतो, ग्रहांचं आणि मोटारीचं काय नातं. पप्पूशेठ बायकोमुलांना घेऊन सावलीला थांबले. त्यांनी पुठ्ठा बघितला, अर्धा तास उभ्या उभ्या सोडवला, आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

तू मागे कॉइलची तार गुंडाळत होतीस, पाठमोरी. मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "मीच."

का म्हणालो, ते मी महिनाभर शोधतोय. मी दहावीला गणितात दोनदा बसलो. बावीस वर्षं लोकांच्या जळक्या मोटारी उघडतोय, पण मला नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी. सगळे 'ओ मोटारवाले' म्हणतात. त्या दिवशी पेपरवाला माणूस मला "अहो, आपलं नाव काय?" असं विचारत होता. तोंडातून निघून गेलं. मग पुढच्या रविवारी नाव छापून आलं आणि ते पुसायचं कसं ते कळेना.

आणि भाषण मला आठवतंय. मी म्हणालो, "मला लहानपणापासून आकाशाची आवड. रात्ररात्र जागून कोडी केली. घरच्यांनी चहापाण्याचं बघितलं."

तू तिसऱ्या रांगेत होतीस. तुझ्याकडे बघायचं नाही म्हणून मी सगळं भाषण झेंड्याकडे बघून केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू शिनोलीला जायला भीमाशंकरच्या एसटीत बसलीस, आणि मी आईला सांगितलं की तुला उन्हाळा सोसत नाही.

वही पाठवू नकोस. ती तुझी आहे.

सोपान


खोडद
२६ ऑगस्ट २००६

प्रिय अंजना,

तू उत्तर दिलं नाहीस, ठीक आहे. पण एक मोठी गोष्ट झाली आहे. प्लूटोला काढलं.

कालच्या पेपरात आलंय. परदेशात शास्त्रज्ञांची सभा भरली, हात वर करून मतदान झालं आणि प्लूटो ग्रह नाही असं ठरलं. आता आठच. चावडीवर सगळे हळहळत होते. सरपंचांना लई लागलं, कारण त्यांच्यावरही गेल्या वर्षी असाच अविश्वास ठराव आला होता. ते म्हणाले, "त्याचं म्हणणं तरी ऐकून घेतलं का?"

पप्पूशेठ तर घाम पुसत आले. त्यांनी तीन तारखेच्या गणेशोत्सव अंकासाठी महाकोड्याची स्पर्धा जाहीर केलीय, नारायणगावात बॅनर लावलेत, बक्षीस म्हणून पाच लिटरचा कुकर दुकानातून आणून कपाटावर ठेवलाय. जुनं तुझं एक कोडं फिरवून छापू असा त्यांचा बेत होता. आता आठ ग्रहांत नऊ घरं भरायची कशी? अंक निघाला की मास्तर पत्र टाकणार. ओतूरचे ज्योतिषी म्हणतात राहू घ्या. सरपंच म्हणतात 'माजी ग्रह प्लूटो' असं छापा, माजी झाला म्हणून घर काढून घेत नाहीत.

पप्पूशेठ म्हणाले, "अण्णा, काहीतरी डोकं चालवा."

मी म्हणालो, "शेठ, डोकं माझं न्हाई. कोडी बायकोची. पहिल्यापासून सगळी. मी खोटं बोललो."

ते म्हणाले, "ते मला मेमध्येच कळलं, तुमचं यान अडकलं तेव्हा. पण तुम्ही बोलेपर्यंत मी कसं बोलू?"

मग मी सांगितलं की दुरुस्ती छापा. कोपऱ्यात नको, पहिल्या पानावर, फोटोसह, जाड अक्षरात. ते कबूल झाले. आपल्याकडे तुझा एकटीचा फोटो एकही नाही, हे मला काल कळलं. हर्षालीच्या बारशातल्या फोटोतून तुला कापून दिलं. मजकूर मी स्वतः लिहिला, तिथेच पप्पूशेठच्या टेबलावर बसून. उद्याच्या अंकात येईल. तुमच्याकडे घोडेगावहून दुपारपर्यंत अंक येतो, मामांना आणायला सांग.

आईला सांगितलं. ती आज माझ्याशी बोलली. म्हणाली, "हात धू आन् जेव." म्हशीकडे न बघता.

तुझा
सोपान


शिनोली
२९ ऑगस्ट २००६

अहो,

मी जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण तुमच्या पेपरवर विश्वास ठेवायचा तर मला जाऊन दोन दिवस झाले.

रविवारी दुपारी सगळ्यांत आधी शेजारच्या लंकाबाई मावशी आल्या. फाटकापासूनच हंबरडा. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. म्हटलं यांच्या घरी काय झालं म्हणून उठले, त्यांना बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, वर बघितलं, आणि तांब्या माझ्या पायावर सोडला. पाय अजून सुजलेला आहे.

मग पेपर कळला. काळी चौकट, मध्ये माझा फोटो, खाली जाड अक्षरात नाव. त्याच्याखाली, "सूर्यमालेची सगळी कोडी यांचीच. यांच्या बुद्धीला आमचा नमस्कार. त्यांची उणीव आम्हाला पदोपदी भासते आहे. सोपान आणि आई कुशाबाई." इतकं तुम्ही लिहिलेलं, आणि चांगलं लिहिलंत. पण चौकट छापखान्यात आधीच्या कुणाच्या श्रद्धांजलीची तयार होती, तीच वापरली, आणि तिची शेवटची ओळ कुणी काढली नाही. "शोकाकुल: समस्त मित्रपरिवार."

संध्याकाळपर्यंत बारा माणसं येऊन गेली. बाबा दारात उभे राहून सांगत होते, "चुकून छापलंय, चुकून छापलंय, आत बसलीय ती, चहा घ्या." दोघांनी माझ्यासमोर माझ्याबद्दल चांगलं सांगितलं, ते मी ऐकून घेतलं. एकजण म्हणाले, अंजनाच्या हातची आमटी परत मिळायची नाही. मी आतून आमटी आणून दिली.

बाबा काठी घेऊन नारायणगावला छापखान्यावर निघाले होते. मी अडवलं.

खरं सांगते, पहिल्यांदा हसूच आलं. मग पेपर घेऊन आत गेले आणि पुन्हा वाचलं. वीस वर्षांत माझं नाव रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेवर सोडून कुठे छापलेलं नाही. चौकट काळी होती, पण नाव पूर्ण होतं, काना-मात्रेची चूक नव्हती. मी ते पुष्कळदा वाचलं.

तुम्ही "मीच" म्हणालात त्याचा राग मला आठवडाभर होता, मग गेला असता. त्या वेळी मी पाठमोरी होते, पण ऐकलं होतं. मला वाटलं, सांगतील. एक मेला तुमच्या हातात माईक आला तेव्हा मला खात्री होती की आता सांगतील. मी पदर सावरून बसले, की लोक वळून बघतील. तेवढंच. तुमचं जुलैचं पत्र आलं तेव्हा लिहायला बसले होते, पण लिहून काय सांगू ते सुचेना. आता सुचलं, तुम्ही मला मारल्यावर.

प्लूटोचं म्हणाल तर त्यात रडण्यासारखं काय आहे? राहू नको आणि माजीही नको. नववं घर मोकळं सोडा. आभाळात ग्रहांपेक्षा मोकळी जागाच जास्त असणार. प्रत्येक ओळीत, प्रत्येक चौकटीत आठ ग्रह आणि एक रिकामं घर. यानानं आता पृथ्वीवरून नाही जायचं, नऊही मोकळ्या घरांतून जायचं आणि परत यायचं. शनी नेहमीप्रमाणे टाळायचा. उलट आता कोडं जास्त चांगलं झालंय, जुन्यात पृथ्वी फार सोपी सापडायची.

सोबत महाकोडं जोडलंय. तीनदा तपासलंय. पप्पूशेठना सांगा, नाव छापावं आणि चौकट साधी घ्यावी.

मी सध्या येत नाही. पाय सुजलाय आणि मन अजून सगळं निवळलेलं नाही.

अंजना


खोडद
१५ सप्टेंबर २००६

सौ. अंजना यांस,

अंक निघाला. पप्पूशेठनी चौकटीला फुलांची वेल लावली, काळं काहीही येऊ नये म्हणून तुझे केसही जरा फिके छापले आहेत. वर लिहिलंय 'आमच्या कोडेकार', खाली मोठ्या अक्षरात 'सुखरूप आहेत'. ते मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून टाकलं.

तुझी मोकळ्या घराची युक्ती वाचून आर्वीचे मास्तर मुद्दाम दुकानात आले. म्हणाले, "याला म्हणतात डोकं." मी म्हणालो, होय, आमच्या हिचं आहे. हे बोलताना मला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेलं. उलट त्यानंतर मी ते आणखी चार जणांना कारण नसताना सांगितलं. एक माणूस फक्त फ्यूज विचारायला आला होता.

चावडीवर, एसटीत, डेअरीवर सगळे तुझ्या कोड्यावर बसलेत. ड्रायव्हरनं सांगितलं की त्याचं यान परत आलं, पण कुठल्या घरातून गेलं ते तो कुणाला दाखवत नाही, कुकर हवाय त्याला.

आणि मीही बसलो. खरं म्हणजे तुझी सगळी कोडी मी आजवर उत्तर बघून सोडवली, हे तुला माहीत असेलच. या वेळी उत्तर माझ्याकडे नव्हतं. अकरा दिवस लागले. शनी कुठे जातो ते पाचव्या दिवशी कळलं. मोकळी घरं नवव्या दिवशी सगळी सापडली. मग रेघ. काढायची, पुसायची. कागद इतका झिजला की खालच्या पानावरच्या पाककृतीतली मेथी दिसायला लागली. काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं, मी रेघ ओढत गेलो, ओढत गेलो, आणि ती आपली आपण निघाल्या जागी येऊन टेकली.

मी मोठ्यांदा ओरडलो. आई धावत आली, तिला वाटलं शॉक बसला. मेन स्विच बंद करून आली बिचारी.

अंजना, तुला हे दर आठवड्याला होत होतं का? असा आनंद? आणि मी तुला विचारलंही नाही कधी.

उत्तर सोबत पाठवत आहे. स्पर्धेत धरू नको, नियमात घरची माणसं बसत नसतील. फक्त तपास.

तुझा
सोपान


शिनोली
२० सप्टेंबर २००६

अहो,

पाय बरा आहे. आत्याबाईंना सांगा, शनिवारी घट बसले की दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या एसटीनं येते. नारायणगावच्या स्टँडवर गाडी घेऊन या. बाबांनी तांदूळ दिलेत, पिशव्या दोन आहेत.

तुमचं यान बरोबर आहे. सगळी मोकळी घरं बरोबर आहेत. रेघ मी बोटानं फिरवून बघितली, कुठे तुटत नाही. पुसून पुसून काढलीय ते कळतं.

पण ग्रहांत एक शुक्र चुकलाय. कुठला ते पत्रातून सांगणार नाही, समोर बसवून तुमच्याकडूनच शोधून घेणार आहे. तोपर्यंत गावात कुणाला बरोबर आलं म्हणून सांगू नका. सांगून झालं असेल, मला माहीत आहे.

अंजना